आधी तपासणी, मग पाना : घरच्या घरी ऑक्सिजन सेन्सर बदलताना

मांजरसुंब्याचा घाट चढताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की गाडीतल्या सगळ्यांच्या नजरा एकदम ड्रायव्हरकडे वळतात. गाडी मात्र चालतच असते. आवाज नाही, धूर नाही, जळका वास नाही. बीडमध्ये परतल्यावर ओळखीचा कोणीतरी बॉनेटही न उघडता सांगतो, "ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, बदलून टाका."

काही हजार रुपयांचा नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि आठवडाभरात पुन्हा लागतो.

हे असे होते, कारण ऑक्सिजन सेन्सर हा इंजिनाचा साक्षीदार आहे. धुरात ऑक्सिजन किती उरला एवढेच तो सांगतो. इंजिन हवा चोरत असेल, प्लग मिसिंग करत असेल, सायलेन्सरचा जोड फुटला असेल, तर सेन्सर ते खरेखरे कळवतो आणि दोष मात्र त्याच्याच माथी येतो. सेन्सर बदलण्याचे काम अवघड नाही. थोडी हत्यारे, तासा-दीड तासाचा वेळ आणि पुरेसा संयम असलेल्या माणसाला ते घराच्या अंगणात जमते. पण पाना हातात घेण्याआधी सेन्सर खरोखरच निकामी झाला आहे, याची खात्री झालीच पाहिजे. या कामातली निम्मी मेहनत तिथेच आहे.

सेन्सर करतो काय?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बरोबर असेल तेव्हाच सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्ही विषारी घटकांचा एकाच वेळी बंदोबस्त करू शकतो. हे प्रमाण सांभाळण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सतत बातमी लागते. ती बातमी देतो ऑक्सिजन सेन्सर. त्यालाच लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या २४० मालिकेतील अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसला. त्यामागचे विज्ञान त्याहून जुने आहे. १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर नर्न्स्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणावर तो चालतो.

सेन्सरच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका खास चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. तापमान सुमारे ३०० अंशांच्या वर गेले, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीजदाब तयार होतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर हा दाब ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. सेन्सर लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटरही असतो.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, तेव्हाच या सेन्सरला आणि कन्व्हर्टरला इथे खरे आयुष्य मिळाले. शिसे या दोघांनाही मारते. पुढे बीएस-४ चे नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ चे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. आज बीड जिल्ह्यात एमएच-२३ किंवा एमएच-४४ च्या पाटीवर धावणाऱ्या नव्या पेट्रोल गाडीत बहुधा दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला कन्व्हर्टरच्या आधी, तो मिश्रण सांभाळतो. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर, तो कन्व्हर्टरच्या कामावर लक्ष ठेवतो. बीएस-६ च्या फ्युएल इंजेक्शनवाल्या मोटारसायकलींतही हा सेन्सर आला आहे.

दिवा लागला, आता कोड वाचावा

स्टीअरिंगखाली डॅशबोर्डच्या खालच्या भागात सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. हा छोटा स्कॅनर सेन्सरपेक्षा बराच स्वस्त पडतो. स्वतःकडे नसेल तर जवळच्या फिटरकडे बहुधा असतोच. कोड पुसण्याची घाई करू नये. आधी त्याचा फोटो काढावा. कोडसोबत इंजिनाचे त्या क्षणाचे आकडे साठवलेले असतात, तेही टिपून घ्यावेत.

पी-०१३० ते पी-०१३५ हे कोड पहिल्या सेन्सरचे, पी-०१३६ ते पी-०१४१ दुसऱ्याचे. त्यातही पी-०१३५ आणि पी-०१४१ हे हीटरच्या विद्युतमार्गाचे आहेत. पी-०१३३ म्हणजे सेन्सर आळसावला आहे, उशिरा प्रतिसाद देतो. पी-०१३४ म्हणजे त्याच्याकडून हालचालच नाही. हे कोड असतील तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो.

पी-०१७१ आला तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ इंजिनात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी जाते. फुटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला फ्युएल फिल्टर, कमी दाबाचा पेट्रोल पंप, सेन्सरच्या आधी फुटलेले एक्झॉस्टचे गॅस्केट ही त्याची नेहमीची कारणे. पी-०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. तिथे चोंदलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर पाहावा. पी-०४२० हा कन्व्हर्टर थकल्याचा कोड आहे. या तिन्हींपैकी एखादा कोड दिसताच सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणे.

इथे बीडसारख्या उसाच्या जिल्ह्याला जवळची एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून अशा पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. १४.७ चे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. जुन्या हिशेबावर चालणाऱ्या गाडीत ईसीयू सेन्सरचे ऐकून पेट्रोल काही टक्क्यांनी वाढवतो. स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' चार-पाच टक्के अधिक दिसले, तर तो सेन्सर चोख काम करत असल्याचा पुरावा समजावा. हाच आकडा सतत दहाच्या वर राहिला, तर शोध घ्यायला हवा.

उंदीर, बोअरचे पाणी आणि सिलिकॉन

कोड सेन्सरचाच निघाला, तरी लगेच दुकान गाठू नये. बॉनेट उघडून सेन्सरच्या वायरीवर शेवटपर्यंत बोट फिरवावे. वाड्यावस्तीवर, गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे नेहमीचे दुखणे आहे. एक वायर तुटली, तर सेन्सर ठणठणीत असूनही मुका होतो. कपलर ढिला आहे का, त्यात पाणी किंवा हिरवा गंज आहे का, वायर तापलेल्या मॅनिफोल्डला टेकून वितळली आहे का, तेही पाहावे. हीटरचा कोड असेल तर फ्यूज आधी तपासावा. नंतर गॅस किट बसवलेल्या गाडीत किटवाल्याने सेन्सरच्या वायरीतून जोड काढलेला असू शकतो. तो जोड उघडा, गंजलेला किंवा नुसता पिळून टेप मारलेला असेल, तर दोष तिथेच सापडतो.

सेन्सर स्वतः मरतो, तेव्हाही त्याला मारणारा कोणीतरी असतो. टोकावर काळी कोरडी काजळी असेल तर मिश्रण गडद आहे. तेलकट काळा थर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरट थर दिसला तर कुलंट ज्वलनकक्षात शिरते आहे किंवा कोणीतरी सेन्सरला न चालणारा सिलिकॉनचा सीलंट इंजिनावर वापरला आहे. बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय जुनी आहे. त्या पाण्याचे क्षार आत साचतात, इंजिन तापते, हेड गॅस्केट दगा देते आणि शेवटी कुलंट सेन्सरपर्यंत पोहोचते. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेले कुलंटच असावे. मूळ कारण तसेच ठेवून नवा सेन्सर बसवला, तर त्याचीही तीच गत होते. असे काही घडले नाही, तर हीटर असलेला आधुनिक सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज साथ देतो.

तीन सोप्या कसोट्या

पहिली कसोटी मल्टिमीटरची. गाडी थंड असताना सेन्सरचा कपलर सोडावा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात. बॉश आणि एनटीकेच्या सेन्सरमध्ये त्या बहुधा पांढऱ्या, डेन्सोच्या सेन्सरमध्ये काळ्या. त्या दोघींत रोध मोजावा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे बदलतो, पण तो काही ओहमचा असतो. मीटरने अनंत रोध दाखवला, तर हीटर तुटला आहे आणि सेन्सर बदलावाच लागेल.

दुसरी कसोटी स्कॅनरवरची. इंजिन पूर्ण तापल्यावर सुमारे २५०० आरपीएमवर रेस धरून पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा. निरोगी सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झरझर वरखाली होतो. आकडा मधेच ०.४५ च्या आसपास अडकून बसला किंवा हळूहळू सरकत राहिला, तर सेन्सर थकला आहे. दुसऱ्या सेन्सरचे वागणे याच्या उलट असते. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. तो हलत नाही म्हणून त्याला दोष देऊ नये. काही नव्या गाड्यांत पहिला सेन्सर 'वाइडबँड' प्रकारचा असतो. त्याला ही कसोटी लागू पडत नाही. त्यासाठी मॅन्युअलमधले आकडे पाहावेत.

तिसऱ्या कसोटीला घाट उपयोगी पडतो. चढावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला, की मिश्रण गडद होते आणि व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि व्होल्टेज ०.१ च्या आसपास पडायला हवा. दोन्ही टोके लगोलग गाठणारा सेन्सर बदलण्याची गरज नाही. या वेळी मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात असावा, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर. धारूरच्या अरुंद घाटात हा प्रयोग करूच नये. मांजरसुंब्याकडचा रुंद महामार्ग त्यासाठी बरा, तोही रहदारी कमी असताना.

खरेदी

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः हात लावू नये. कंपनीच्या वर्कशॉपसाठी आष्टी-कड्याकडची माणसे अहिल्यानगरला जातात, परळी-अंबाजोगाईकडची लातूर गाठतात. फेरी लांबची असली, तरी वॉरंटीतले काम तिथेच करून घ्यावे.

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी सेन्सर घेताना मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगून पार्ट नंबर जुळवावा. नंबर जुन्या सेन्सरवरही कोरलेला असतो. पहिला की दुसरा, हे स्पष्ट सांगावे. दोघांचे कपलर आणि वायरीची लांबी बहुधा वेगळी असते. वाहन कंपनीचा मूळ भाग किंवा बॉश, डेन्सो, एनटीके यांपैकी नावाजलेला भाग पक्क्या बिलासह घ्यावा. वायर तोडून जोडण्याचा 'युनिव्हर्सल' सेन्सर स्वस्त पडतो, पण घरच्या कामासाठी तो टाळावा. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणातूनच आत घेतात. वायरीला डाग दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरले, तर ती वाट बंद होते आणि नवा सेन्सर चुकीचे बोलू लागतो.

प्रत्यक्ष काम

लागणारे साहित्य थोडे आहे. खाच असलेली २२ मिलिमीटरची ऑक्सिजन सेन्सरची गोटी, लांब दांड्याचा रॅचेट, १० मिलिमीटरचा पाना, गंज सोडवणारा स्प्रे, जाड हातमोजे, चष्मा आणि जमल्यास टॉर्क रेंच. खाचेतून वायर बाहेर राहते, म्हणून साधी गोटी इथे चालत नाही. २२ चा रिंग पाना असेल तर तो फक्त जुना सेन्सर काढण्यासाठी, वायर कापून, वापरता येतो.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना अडसर लावावा. पहिला सेन्सर पुष्कळ गाड्यांत वरूनच हाताला लागतो, कुठे रेडिएटरच्या बाजूला, कुठे केबिनच्या बाजूला. दुसऱ्यासाठी बहुधा गाडीखाली जावे लागते. तेव्हा गाडी जॅक-स्टँडवरच टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर किंवा विटा-दगडांच्या थप्पीवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जॅक घसरला, तर बाहेर निघायला क्षणही मिळत नाही.

इंजिन गार असताना आट्यांवर गंजाचा स्प्रे मारून अर्धा तास मुरू द्यावा. नंतर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे. धातू थोडा कोमट असला, की आटे सोपे सुटतात. मात्र लांबून आलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डला लगेच हात लावू नये. कन्व्हर्टर काहीशे अंशांपर्यंत तापलेला असतो आणि त्यावर उडालेला स्प्रे पेटू शकतो.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. पुढे उष्णतारोधक पत्रा असेल तर त्याचे १० चे बोल्ट सोडवावेत. कपलरचा खटका दाबून तो मोकळा करावा. वायर ओढू नये. वायर कुठून कशी गेली आहे, याचा फोटो घ्यावा, कारण नवी वायर नेमकी त्याच वाटेने जायला हवी. गोटी पूर्ण बसवून डावीकडे एकसारखा जोर द्यावा. सेन्सर हलेना, तर पुन्हा स्प्रे मारून थांबावे. हातोडा मारू नये आणि पाइप लावून पिळून काढण्याचा हट्टही धरू नये. आटे गेले, तर अख्खा मॅनिफोल्ड किंवा कन्व्हर्टर दुरुस्त करण्याची वेळ येते. दोन प्रयत्नांत सुटला नाही, तर गाडी गॅस टॉर्च आणि टॅप असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी. त्यात कमीपणा नाही.

जुना सेन्सर निघाल्यावर त्याचे टोक नीट पाहावे. वर सांगितलेल्या काजळीच्या, तेलाच्या, पांढऱ्या थराच्या खुणा इथे प्रत्यक्ष दिसतात. भोकातील आटे मळले असतील तर कापडाने पुसावेत. बहुतेक गाड्यांत हे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि दीडच्या पिचचे असतात.

नव्या सेन्सरचे प्लास्टिकचे टोपण अगदी शेवटी काढावे. टोकाला बोट लावू नये, ते आपटू देऊ नये. आतला सिरॅमिक बाहेरून न दिसता तडकतो. खाली पडलेला सेन्सर बसवूच नये. आट्यांना बहुधा कारखान्यातूनच जॅम-रोधक लेप दिलेला असतो. नसेल तर तो फक्त आट्यांवर, पातळ लावावा. सेन्सर आधी हातानेच फिरवावा. दोन-तीन फेरे सहज बसले, तरच गोटी लावावी. हाताने जड जात असेल तर आटे तिरके लागत आहेत, म्हणून सोडवून पुन्हा सुरुवात करावी. मॅन्युअलमधला आकडा पाळावा. तो साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो. कपलर 'टक' आवाज येईपर्यंत दाबावा, वायर मूळ क्लिपांत अडकवावी, पत्रा लावावा आणि मग बॅटरी जोडावी.

काम झाले हे कशावरून?

इंजिन सुरू करून सेन्सरच्या जोडाजवळ फुसफुस ऐकू येते का ते पाहावे. जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नवा सेन्सरही चुकीचे सांगतो. स्कॅनरने कोड पुसावा. बॅटरी काढल्यामुळे ईसीयूने शिकलेले आकडे गेलेले असतात, त्यामुळे पहिले काही किलोमीटर गाडी जरा वेगळी वाटू शकते. मग शहरातली थांबत-चालत फेरी, महामार्गावरचा एकसारखा वेग, चढ आणि उतार असा मिश्र प्रवास करावा. व्होल्टेज पुन्हा झरझर फिरतो का, फ्युएल ट्रिम कमी होतो का, हे पाहावे. ॲव्हरेज मात्र दोन-तीन टाक्या भरल्याशिवाय मोजू नये.

सेन्सर काढून टाकणे, ईसीयूला फसवणारा तुकडा जोडणे किंवा कन्व्हर्टर पोकळ करून 'पिकअप वाढवणे' असले सल्ले कोणी दिले, तर ते मानू नयेत. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि वाहन चालवण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान गाडीमागे दुचाकीवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसांचे होते.

शेवटी पीयूसी केंद्रावर जावे. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीच्या चाचणीत बसल्या रेसवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि वाढवलेल्या रेसवर लॅम्डा (प्रत्यक्ष आणि आदर्श हवा-पेट्रोल प्रमाणांचे गुणोत्तर) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा, असा नियम आहे. बरेच जण हा कागद न वाचताच काचेमागे ठेवतात. सेन्सर बदलल्यावर मात्र तो नीट वाचावा आणि लॅम्डाचा आकडा, तारीख व किलोमीटर गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला, तर तपास याच नोंदीपासून सुरू करता येईल.